मागतील ते द्या, म्हणतील तेव्हा बदला

क्लायंटला ‘नाही’ म्हणणे हा असंस्कृतपणा आहे. हे कशाला हवे, आधी कोणते हवे, यातले काय सोडले तर चालेल, असे विचारून मागण्यांना शिस्त लावू पाहणारी माणसे आयटीत अलीकडे फार झाली आहेत. अशांनी अमेरिकेच्या एफबीआयचा ‘व्हर्च्युअल केस फाइल’ प्रकल्प मनापासून अभ्यासावा.

गरज तशी साधीच होती. तपासाची माहिती कागदी फायलींत आणि १९९५ सालच्या जुनाट संगणक प्रणालीत अडकलेली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर संशयितांची छायाचित्रे ईमेलने धाडता येईनात, ती एक्सप्रेस टपालाने गेली. एजंटांना हवे होते ते इतकेच, की फाइल सापडावी आणि दुसऱ्याला पाठवता यावी. पण ग्राहकाला एवढ्याशावर समाधान मानू देणे कोणत्या सेवाभावात बसते? रिक्वायरमेंटचा दस्तऐवज आठशे पानांपलीकडे गेला. मग काम चालू असताना मागण्या बदलू लागल्या. डिसेंबर २००२पासून वर्षभरात चेंज रिक्वेस्ट सुमारे ४००! कंत्राटदार कंपनीने दार कधी लावून घेतले नाही. एफबीआयनेही प्रत्येक नव्या दृष्टीला वाव दिला: पाच मुख्य माहिती अधिकारी आणि दहा प्रकल्प व्यवस्थापक येऊन गेले. एकाच माणसाने शेवटपर्यंत राहून ‘हे ठरले होते’ म्हणत बसण्याचा कोतेपणा तिथे नव्हता.

पुढे दोष कोणाचा हे ठरवायला लवादाने प्रणालीतल्या ५९ त्रुटी तपासल्या. त्यांपैकी ४० कंपनीच्या चुका निघाल्या आणि १९ म्हणजे एफबीआयनेच मागाहून बदललेल्या मागण्या. जवळजवळ एकतृतीयांश! ग्राहकाचा इतका जिवंत सहभाग किती प्रकल्पांच्या नशिबी येतो? २००५मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून प्रकल्प गुंडाळला. मागितलेले नाकारले म्हणून तो बुडाला, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

पुढच्या ‘सेंटिनेल’ प्रकल्पाने माझी निराशा केली. २००६मध्ये तोही ऐटीत सुरू झाला होता. २०१०मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेतले, टीम लहान केली, मागण्यांची उतरंड लावली आणि दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत काम उरकायला घेतले. जुलै २०१२मध्ये प्रणाली चालू झाली. एजंट ती वापरूही लागले. बिचाऱ्यांना आता हवे होते तेवढेच मिळते.