कोर्टाबाहेरचे प्रशिक्षक

खारघरचा पत्ता नवी मुंबईचा, महापालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. त्यामुळे १४ वर्षांखालच्या बास्केटबॉल संघाची निवड चाचणी आली, की आधी पालकांना भूगोल शिकवावा लागतो. मग गणित. संघात १२ जण, कोर्टावर ५. उरलेल्या ७ जणांचे आईबाबा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २४ सेकंदांच्या आत हल्ला चढवतात. (खेळाचा नियमही तेवढाच वेळ देतो म्हणा.) "सर, आमच्याला पॉइंट गार्डच करा, आणि साडेसहाला सोडा, त्याला क्लास आहे." मुलं हरली तरी हसत वडापावच्या गाडीकडे पळतात, सामन्याचं पोस्टमॉर्टेम पार्किंगमध्ये बाबालोक करतात. दहावीत सराव बंद, कारण अभ्यास. सवलतीच्या क्रीडागुणांची चौकशी मात्र जूनपासूनच सुरू.