पाणी कुठं साचतं? (गुण ५)

एमबीबीएसच्या अभ्यासात एक विषय असतो. कागदोपत्री तो कम्युनिटी मेडिसिन झाला त्याला जमाना लोटला, पण कॉलेजात अजूनही सगळे पीएसएमच म्हणतात. माणूस आजारी पडूच नये म्हणून काय करावं हे शिकवणारा विषय. त्यात ना ऑपरेशन, ना प्रॅक्टिस, ना पैसा. त्यामुळे ‘पार्क’चं जाडजूड पुस्तक वर्षभर उशाला घेऊन परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायची प्रथा आहे.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलांवर स्पॉटर मांडलेले असतात. बरणीत गप्पी मासे, शेजारी ब्लीचिंग पावडर, लशीची कुपी, ओआरएसचं पाकीट आणि पाण्याला किती ब्लीचिंग लागेल ते काढायचं हॉरॉक्सचं उपकरण. घंटा वाजली की पुढचं टेबल. पोरं धडाधड लिहितात: क्लोरीन मिसळल्यावर तासाभरानं लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम शिल्लक राहिलाच पाहिजे. पूर्ण गुण. मग हीच पोरं हॉस्टेलवर जाऊन कूलर लावून ढाराढूर झोपतात. कूलरच्या पाण्यात एडिसच्या अळ्या डोकं खाली, नळी वर करून लटकलेल्या असतात. त्या ओळखायला सांगणारा परीक्षक तिथं नसतो.

पोरांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या हातात ना व्हॉल्व्हची चावी, ना टँकरची बिलं. आमची विद्यापीठाला नम्र सूचना आहे की यंदा मुलांना सुटी द्यावी आणि ज्यांच्या हातात या गोष्टी आहेत त्यांना टेबलांपुढे उभं करावं. परीक्षक म्हणून एखाद्या निवृत्त, खडूस मॅडम बोलवाव्यात.

पहिले उमेदवार, सोसायटीचे चेअरमन.

“डेंग्यूचा डास कुठं वाढतो?”

“स्वच्छ, साचलेल्या पाण्यात, मॅडम. चावतो दिवसा.”

“अंड्यापासून डास व्हायला किती दिवस?”

“सात ते दहा. म्हणून तर आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं घासावं लागतं. अंडी काठाला चिकटतात आणि वाळली तरी महिनोन्‌महिने जगतात.”

“वा! तुमच्या टेरेसवरच्या टाकीला झाकण आहे?”

“तो विषय एजीएममध्ये घेतला होता.”

“मग?”

“कोरम नव्हता.”

“आणि लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी?”

“तो खड्डा बिल्डरचा. अजून कन्व्हेयन्स झालेलं नाही.”

सार्वजनिक आरोग्याच्या पाहणीचे तीन भाग असतात: माणसाला माहीत काय आहे, वाटतं काय आणि तो करतो काय. आमच्या सोसायट्या पहिल्या दोन भागांत महाराष्ट्रात पहिल्या याव्यात. तिसऱ्या भागासाठी आशाताईंना बाल्कनीतल्या मनीप्लांटच्या बाटलीत डोकवावं लागतं, आणि तिथं घोडं अडतं. घरात शिरून तपासणी या प्रकाराची पुणेकरांना जुनी आठवण आहे. १८९७ च्या प्लेगात रँडचे सोजीर घराघरांत घुसले आणि त्याच वर्षी जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या सोजिरांना उंबऱ्यावर अडवता आलं नाही, त्याची भरपाई आमचा वॉचमन आज आशाताईंना गेटवर अडवून करतो. “मॅडम झोपल्यात, नंतर या.” ताई मुकाट्यानं शेजारच्या वस्तीत जातात, तिथली पिंपं तपासतात, आणि डेंग्यू झोपडपट्टीतून येतो हे आमचं मत आणखी पक्कं होतं.

घरात कुणाला ताप आलाच, तर मात्र आमची धावपळ बघावी. प्लेटलेट्सचा आकडा शेअर बाजारासारखा तासातासाला ग्रुपवर येतो. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध. किवीचे दर वाढतात. मनीप्लांट जागच्या जागी असतो.

दुसरे उमेदवार माननीय. आजी, माजी की भावी, ते फ्लेक्सच्या तारखेवरून ठरवावं.

“धूरफवारणीनं कोण मरतं?”

“उडते डास, मॅडम.”

“अळ्या?”

“त्या नाही मरत. त्यांना पाण्यात औषध टाकावं लागतं, नाहीतर गप्पी मासे सोडावे लागतात.”

“मग धूरच का?”

“अळ्यांचा फोटो नीट येत नाही.”

उत्तर प्रामाणिक आहे, अर्धा गुण द्यायला हरकत नाही. धुराला आवाज असतो, वास असतो, मागे धावणारी पोरं असतात. अळी मेली तर मतदाराला पत्ताही लागत नाही. न झालेल्या आजाराचं उद्घाटन करायचं तरी कसं?

मॅडम मग या विषयातला लाडका प्रश्न टाकतात. १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीट. कॉलराचं मूळ पाण्यात आहे असं जॉन स्नो सांगतो आणि पंपाचं हँडल काढायला लावतो. तुम्ही असता तर?

“निवेदन घेतलं असतं. हँडल काढू दिलं असतं. आणि आठवड्यानं वाजतगाजत बसवलं असतं.”

इथं मॅडमही अडतात. साथ ओसरल्यावर ते हँडल खरोखरच परत बसवलं गेलं होतं. शिवाय ते काढलं तेव्हा साथ आधीच उतरणीला लागली होती, असं खुद्द स्नोलाही वाटत होतं. पूर्ण गुण द्यावे लागतात.

तिसरे उमेदवार पाणीवाले. यांच्या टेबलाशी जरा थांबू. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले. माणसाच्या पायांतली ताकद जाते, मग हातांतली. कुणाकुणाला व्हेंटिलेटर लागतो. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. दूषित पाण्याकडे बोट गेलं आणि पंधरा दिवसांत आख्ख्या शहराला त्या जंतूचं नाव तोंडपाठ झालं. सकाळच्या कट्ट्यावर नसांचा विकार असा समजावला जात होता की न्यूरॉलॉजिस्टनं वही काढावी. ज्ञानात आम्ही कमी पडलो, असं आमच्याबद्दल कुणी म्हणू शकणार नाही.

फक्त नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे बघणं राहून जातं. पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. ज्याला रंग दिसतो अशा कुणालाही जमेल.

“करा,” मॅडम परीक्षानळी पुढे करतात.

उमेदवार थेंब टाकतात. सगळे वाकून बघतात. पाणी जसंच्या तसं.

“काय दिसतंय?”

“नितळ आहे, मॅडम. एकदम स्वच्छ.”

“रंग नाही आला. आता काय कराल?”

उमेदवार खिशातून नोंदवही काढतात.

“इथं ‘नमुना घेतला’ एवढाच रकाना आहे. त्यावर टिक करू?”