एक असामी जास्त

ऐंशी उलटलेल्या सहाध्यायांचा वर्षाविहार हे वस्तुतः प्रकृतीच्या अहवालांचे जाहीर वाचन असते, आणि त्यास मुळशीचे निमित्त लागते ते एवढ्याचसाठी की, घरी तेच सांगू लागल्यास सुना दूरदर्शनचा आवाज वाढवितात. १९६६ साली फर्ग्युसनमधून बी. ए. झालेली आमची तुकडी भाड्याच्या बसमधून निघाली, तेव्हा चांदणी चौक मागे पडण्यापूर्वीच तिघांचे गुडघे, दोघांचे मोतीबिंदू आणि टोरांटोतील एका नातवाचे पदवीदान माझ्या पदरात पडले. माझा डावा कान केव्हाच सेवानिवृत्त झाल्यामुळे त्यांपैकी काय शस्त्रक्रियेने पार पडले आणि काय समारंभाने, याचा उलगडा मात्र अद्याप व्हायचा आहे.

पिरंगुटास चहा झाला. पौड ओलांडल्यावर आमच्यातील माजी मामलेदारांनी शिरगणती केली आणि एक असामी जास्त भरली.

कमी भरती तर नवल नव्हते. या वयात मनाची तेवढी तयारी असते. पण जास्त? मामलेदारांनी हजेरीपट काढून एकेक नाव पुकारण्यास आरंभ केला, आणि गेल्या आषाढात वारलेल्या मित्राचे नाव चुकून उच्चारले जाताच मागील बाकावरून ‘हजर’ असा स्पष्ट आवाज आला. सकाळी आठच्या तासाला त्याची हजेरी जो नेहमी लावीत असे, त्यानेच ती आजही लावली होती. कोणी हसले नाही. मामलेदारांनी त्या नावापुढे खूण केली आणि चष्मा पुसला.

अखेर खिडकीजवळच्या टकलावर संशय स्थिरावला. हे गृहस्थ आमच्या बसला एस. टी. समजून पिरंगुटास चढले होते. पंचाहत्तरीपुढील प्रवाशांस एस. टी. २०२२ पासून मोफत असल्याने कोणी तिकीट न मागितल्याचे त्यांना आश्चर्य वाटले नाही, आणि इडलीचटणी हा त्याच योजनेचा विस्तार असावा, असा त्यांचा समज झाला. तेवढ्या अवकाशात त्यांनी शेजाऱ्यास धाकट्याची हिंजवडीतील नोकरी आणि पत्नीचा दमा ऐकविला होता, व तो वृत्तान्त आमच्या वृत्तान्तांत इतका बेमालूम मिसळला की, ‘हा माझ्या उत्तरपत्रिकेत डोकावून संस्कृतात पास झाला,’ असे आमच्यातील एकाने शपथेवर सांगितले.

“तुम्ही कोण?” मामलेदार गरजले.

“मी हितलाच. गाव पान्याखाली हाय आमचं. आज्जा बापटांसंगं तुरुंगात गेल्याला.”

१९२१ च्या रामनवमीस सुरू झालेला मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, टाटांचे धरण, घाटाखाली भिऱ्यास उतरून मुंबईला वीज पुरविणारे ते पाणी, यांवर बसमध्ये व्याख्यान देण्याचा माझा मनसुबा होता. टिपणाचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला.

“तुमची पोरं येत्यात का तिकडनं?” त्यांनीच विचारले. उत्तरादाखल मामलेदारांनी इडल्यांचा डबा पुढे केला.

ते एका फाट्यावर उतरले. धरण पाहिले; मोठे आहे. ताम्हिणीच्या धबधब्यांसमोर आम्ही सर्व जण भिजलो आणि औषधांची वेळ झाली म्हणून परतलो. संस्कृतवाल्यांचा आग्रह मात्र अद्याप कायम आहे: नाव बदलले असेल, गाव बदलले असेल, पण मान वाकडी करून डोकावण्याची ती लकब साठ वर्षांनीही ओळखू येते.