कुंड्यांच्या आवरणाविषयी एक अनावृत पत्र

श्रीमती मनीबाई,
मुक्काम आमची गॅलरी, तुळशीची कुंडी, यांस

सा. न. वि. वि.

पत्र अनावृत आहे. कुंड्या मात्र यापुढे तशा राहणार नाहीत, एवढी इत्तला देण्यासाठीच हा लेखनप्रपंच. ज्या दिवशी आम्ही कढीपत्त्याच्या कुंडीतील माती उकरून, ढेकळे फोडून, उन्हात वाळवून ठेवली, त्याच दुपारी आपण ती आपल्या देहधर्मासाठी मुक्रर केली आणि तेव्हापासून तुळस, मोगरा व कोथिंबीर या तिन्ही महालांवर क्रमाक्रमाने आपला अंमल बसला. कोरडी आणि सैल माती ही आपल्याकरिताच सिद्ध केलेली आहे, असा समज होणे आपल्या जातिस्वभावास धरूनच आहे. परंतु सायंकाळी तुळशीपुढे दिवा लावताना जो परिमळ सुटतो तो तुळशीचा नव्हे, हे पाहुण्यांस समजावून सांगण्याचा प्रसंग आपल्यावर येत नाही.

वहिवाटीचा मुद्दा आपण काढाल म्हणून आधीच लिहितो. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, अखंड आणि मूळ मालकास न जुमानता १२ वर्षे कब्जा राखणारास कायद्याने काही हक्क पोहोचतात, हे खरे. पण त्यातील ‘उघडपणे’ या शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. प्रत्येक वेळी आपणच पुढील पंजाने सर्व पुरावा मातीआड करीत आला आहात.

संत्र्याच्या साली पसरून पाहिल्या. त्या दोन दिवसांत वाळल्या आणि आपली नाराजीही तितकीच टिकली. तेव्हा, ज्या हातांनी उभा जन्म मुदतीतले आणि मुदतबाह्य अर्ज वेगळे करण्यात घालवला, त्या हातांत सौभाग्यवतींनी क्रोशाची सुई दिली. आमच्या आजीच्या काळी दुधाच्या भांड्यावर जी जाळी असे, कडेला काचेचे मणी ओवलेली, म्हणजे मण्यांच्या भाराने ती जागची हलू नये, ती आपल्या कैक पिढ्यांच्या परिचयाची असणारच. तिचीच ही थोरली बहीण, फरक इतकाच की दुधाऐवजी मातीचे रक्षण करते.

काम दिसते तितके सुलभ नव्हे. खोडापुरती जागा मध्ये सोडून मुक्या खांबांच्या फेऱ्या घालीत जावयाचे, आणि प्रत्येक फेरीत नेमके ६ टाके वाढवावयाचे. वाढ कमी पडली की चकतीची टोपी होते, अधिक झाली की झालर. (आमच्या पहिल्या तीन चकत्या सध्या नातवाच्या डोक्यावर आहेत.) शिवाय फेरी पुरी जोडून चालत नाही, कारण वाढलेल्या मोगऱ्याच्या डोक्यावरून अंगरखा उतरविता येत नाही, म्हणून दर फेरीच्या शेवटी परत फिरून काठापासून मध्यापर्यंत एक चीर राखावी लागते, तिला दोन गुंड्या, आणि काठातून नाडी ओवून ती कुंडीच्या ओठाखाली आवळावयाची. सुती दोरा पावसात भिजून बुरशी धरतो, म्हणून नायलॉनची दोरी घेतली. छिद्रे अशी की झारीचे पाणी सहज झिरपावे, परंतु आपला पंजा अडावा. आपल्या चारी पायांची मिळून अठरा नखे. ती अडकून आपणांस इजा होऊ नये म्हणून टाके घट्ट घेतले आहेत, हा आमचा शत्रुपक्षाविषयीचा सद्भाव कागदोपत्री नमूद असावा.

आपली गैरसोय होऊ नये म्हणून जुन्या, फुटक्या काठाच्या कुंडीत कोरडी वाळू भरून ती न्हाणीघराच्या भिंतीशी आपणांस इनाम दिली. सदर इनाम आपण आजतागायत ताब्यात घेतलेले नाही. त्या वाळूत आता सकाळी चिमण्या येऊन पंख फुलवून धूळस्नान करतात. आणि आपण दोन हातांवरील तुळशीच्या कुंडीवर, आम्ही अकरा दिवस खपून विणलेल्या, घट्ट, सपाट आणि उबदार जाळीवर, शेपटी पायांभोवती गुंडाळून ध्यानस्थ बसता. वाळूची तजवीज आम्हांस आपण होऊन सुचली, की ती सुचेल असे वर्तन आपण मुद्दाम योजिले होते, याचा खुलासा उलट टपाली व्हावा.

कळावे. लोभ आहेच, त्याची वृद्धी नसावी.

आपला,
कुंड्यांचा अद्यापि मालक