जर्मनचं भांडं

आमच्या डोळखांबला 'जर्मन' म्हटलं की टोप आठवतो. अ‍ॅल्युमिनियमला लोक जर्मनच म्हणतात, लग्नाचा भात जर्मनच्या टोपात शिजतो. त्यामुळं नातू मुंबईला कलिन्याच्या विद्यापीठात जर्मन साहित्यात एम.ए. करतोय, हे कळल्यावर आजीनं सरळ विचारलं, "मग दुकान कुठं टाकणार?"

गाव त्याला जर्मन्या म्हणतं. खरं नाव त्याच्या अर्जांवर असतं आणि ते अर्ज माझ्या झेरॉक्सच्या दुकानातून जातात. यंदाचा सहावा.

अशी माणसं दर तालुक्यात असतात. कुणी दुबईला निघालेलं असतं, कुणी कलेक्टर व्हायला. जर्मन्या दसऱ्याला निघतो. शिष्यवृत्तीची मुदत नेमकी भातकापणीत येते. ह्यात जर्मन सरकारचा हात असावा असा त्याच्या वडलांना संशय आहे. मला जर्मन्याचाच वाटतो. हातात विळा दिला रे दिला की त्याला 'मोटिव्हेशन लेटर' आठवतं, आणि तो बांधावर मोबाइलची रेंज शोधत आजोबाच्या डोंगराकडं तोंड करून उभा राहतो.

संशोधनाचा विषय मात्र तो दरवर्षी नवा काढतो. पहिल्या वर्षी शाकुंतल होतं. गेओर्ग फोर्स्टरनं १७९१ साली ते इंग्रजीवरून जर्मनमध्ये नेलं आणि गटे खूश झाला, हे तेव्हा बाजारातल्या कोंबडीवाल्यालाही पाठ झालं होतं. दुसऱ्या वर्षी ब्रेख्त आला. पु.लं.चा 'तीन पैशाचा तमाशा' आणि खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' ही दोन्ही नाटकं मूळ त्याचीच, हे ऐकून मी स्वतः दोन प्रती फुकट काढून दिल्या. तिसऱ्या वर्षी भातावर तुडतुडा पडला, तेव्हा त्यानं काफ्का घेतला. माणूस सकाळी उठतो तो किडा होऊन! वडील म्हणाले, "औषध मारलं का?"

'डाड' नावाची संस्था १९२५ पासून पोरांना जर्मनीला शिकायला नेते, हे त्यानं आजीला पाच वेळा समजावलंय. तिला 'दाढ' ऐकू येतं. दाढ काढायला इतक्या लांब कशाला, शहापुरात डॉक्टर नाहीत का? इरावतीबाई कर्व्यांचा दाखला दिला, त्या काळात बर्लिनला गेल्या, त्याही कर्ज काढून. इथं मात्र आजीला नीट ऐकू आलं. "कर्ज? सोसायटीचं आधी फिटू दे."

पण खरं सांगू का, त्याच्याकडून सगळ्यात जास्त जर्मन शिकली ती आजीच. त्या भाषेतही मराठीसारखी तीन लिंगं, हे तिला पटकन पटलं. मुलगी नपुंसकलिंगी, ह्यात तिला काहीच नवल वाटलं नाही. आपणही 'ते पोर' म्हणतोच की. सूर्य तिकडं स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, हे कळल्यावर ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरोबर हाय. बाई दिवसभर राबते आणि चांदोमामा रात्रीचा नुसता हिंडतो." माझ्या मते त्या पाच अर्जांत मिळून इतकं चांगलं वाक्य एक नव्हतं. मी त्याला तसं सांगितलंही. हे वाक्य जर्मनमध्ये कसं बसवायचं, ह्यावर तो तीन दिवस बसला आणि त्या तीन दिवसांत खालचं सगळं शेत कापून झालं.

नकार येतो तोही अदबीचा. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा' वगैरे. जर्मन्या त्याचीही झेरॉक्स काढतो, फाइलला लावतो आणि चहा पाजतो. चेहऱ्यावर दुःख शोधून सापडत नाही. तोवर भात खळ्यावर आलेलं असतं.

अडचण एकच आहे. शेवटच्या पदवीला साधारण सहा वर्षं उलटली की तिकडं अर्ज चालत नाही, आणि त्याची सहा वर्षं येत्या जूनमध्ये भरतात. पुढच्या कापणीचा विळा आजीनं आत्ताच धार लावून ठेवलाय.