प्लस सी

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत पदवीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवला जातो, असे वेळापत्रकावरून दिसते. पेपर दोन क्रेडिटांचा, म्हणजे 50 गुणांचा. त्यांतले 35 विद्यापीठाच्या परीक्षेचे आणि 15 इंटर्नलचे. या विषयातला अवघड भाग लिमिट, डेरिव्हेटिव्ह किंवा इंटिग्रेशन हा नाही. हे 15 गुण कशाचे द्यायचे, हा आहे. होम असाइनमेंटच्या फाइलने तो सुटतो.

फाइल एकदाच सोडवलेली असते. ती कोणी आणि कोणत्या साली सोडवली याची नोंद नाही. अक्षर मुलीचे असावे, इतपतच जाणकार सांगतात. तिची झेरॉक्स शिरूरच्या स्टँडाजवळ निघाली. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला जंक्शन आहे, तरी ती दौंडला पोचली न्हावरे-चौफुला रस्त्याने, एसटीतून. आता ती पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर असते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोन्ही तालुक्यांत एकाच वेळी उघडली जाते.

फाइलचा चौथा प्रश्न एक्स कॉस एक्सच्या इंटिग्रेशनचा आहे. बाय पार्ट्स केले की एक्स साइन एक्स प्लस कॉस एक्स येते, आणि शेवटी प्लस सी लिहितात. सी म्हणजे कोणताही स्थिरांक. स्थिरांकाचे डेरिव्हेटिव्ह शून्य असते, त्यामुळे उलट्या वाटेने येताना तो मुळात किती होता हे कळत नाही. म्हणून त्याची जागा राखून ठेवायची. मूळ फाइलमध्ये तो होता. पण उत्तर ओळीच्या अगदी कडेला गेले होते, काचेवर पान अंमळ तिरके पडले आणि सी कापला गेला. प्लस राहिला. तेव्हापासून या भागात त्या गणिताचे उत्तर ‘एक्स साइन एक्स प्लस कॉस एक्स प्लस’ असे आहे.

प्लस काय, हे विचारण्याची पद्धत नाही. उतरवणाऱ्यांनी मात्र त्या मोकळ्या प्लसची आपापल्या परीने सोय लावलेली आढळते. काहींनी तो पान उलटण्याची खूण समजून पुढे बाण काढला. काहींना तो आधीच्या वर्षीच्या सरांनी केलेली बरोबरची खूण वाटला, म्हणून त्यांनी तो लाल पेनाने काढला, आणि तपासणाऱ्याचे तेवढे काम वाचवले. एका शाखेत तो ओळीवरून खाली सरकत पाचव्या प्रश्नाच्या आकड्याला जाऊन चिकटला, त्यामुळे तिथले विद्यार्थी ‘प्रश्न अधिक पाच’ सोडवतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी फाइल लिहिणाऱ्या मुलांनी त्याला आडवी रेघ जास्तीची देऊन रुग्णालयाचे चिन्ह बनवले. त्यांना तेही बरोबर मिळाले. एखादीने गणित खरोखर स्वतः सोडवले आणि शेवटी प्लस सी लिहिला, तर तिची फाइल गठ्ठ्यातून वेगळी काढली जाते. इतर कोणाच्याही फाइलमध्ये नसलेला हा सी तिने कुठून आणला, याची विचारणा होते. ती सांगते, पुस्तकातून. मग पुस्तक कोणते, ते लायब्ररीतून कोणत्या तारखेला नेले, ही चौकशी होऊन अर्धा गुण जातो. खाडाखोड दिसली, असे कारण नोंदवतात.

इतरांचे गुण मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, समासाची दुहेरी रेघ आणि वेळेत सादरीकरण या बाबींत वाटले जातात. उरले तर उत्तराला. बेरीज साधारणपणे 15 पैकी 13 येते आणि ती कोणत्याही विद्यार्थ्यासाठी बदलत नाही. अभ्यास हा चलांक घेऊन आलेख काढला तर आडवी रेघ मिळते. तिचे डेरिव्हेटिव्ह प्रत्येक बिंदूवर शून्य. हाच तो गळालेला सी, असे मानायला जागा आहे: शेवटी मिळवायचा, कुठून आला हे न विचारण्याचा. शास्त्राप्रमाणे त्याची किंमत ठरवायला एक अट द्यावी लागते. इथे ती अट म्हणजे फीचा शेवटचा हप्ता भरलेला असणे.

अशा मूल्यमापनाला परंपरा नाही असेही नाही. कॅल्क्युलस आधी कोणी शोधला, न्यूटनने की लायब्निट्झने, या भांडणाचा निवाडा करायला 1712 साली लंडनमध्ये एक समिती बसली. निकाल न्यूटनच्या बाजूने लागला. समिती नेमणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष न्यूटनच होता आणि अहवालही त्यानेच लिहिला. इंटर्नलचा इतका नितळ नमुना पुढे क्वचितच सापडतो.

हजेरी हा लिमिटचा धडा आहे. नियम 75 टक्क्यांचा. विद्यार्थ्याची प्रत्यक्ष हजेरी डाव्या बाजूने 75 कडे जाते, पोचत मात्र नाही. पुण्याकडची शटल उशिरा येते, पाटसला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, रांजणगावच्या कंपनीतली पाळी बदलून मिळत नाही. लिमिटच्या व्याख्येत त्या बिंदूवर फलनाची किंमत काय आहे याला महत्त्व नसते. कार्यालयातही नसते, सत्राच्या शेवटी सर्वांची हजेरी 75 भरते. ज्याची खरोखर 76 होती त्याचीसुद्धा.

हे सगळे तपासतो तो तासिका तत्त्वावरचा शिक्षक. त्याच्या बिलात शिकवलेले तास असतात. फाइली तपासण्याचा तास त्यात नाही, पेपर काढण्याचा नाही, इंटर्नलचे गुण ऑनलाइन भरायचे आणि सर्व्हर बसला की रात्री पुन्हा भरायचे, त्याचाही नाही. नेमणुकीची मान्यता सत्र निम्मे सरल्यावर येते आणि मानधन पुढच्या सत्रात. सेट-नेट झालेला, कोणी पीएच.डी.ही झालेला हा माणूस सकाळी शिरूरला आणि दुपारी दौंडला शिकवतो. मधले न्हावरे, चौफुला, पाटस मोटारसायकलवर. त्याने त्या मोकळ्या प्लसकडे पाहावे कधी? आणि पाहून लाल रेघ मारली, तर ‘निकाल का घसरला’ याचा लेखी खुलासा त्यालाच द्यायचा, ‘पुढच्या वर्षी बघू’ हे त्यालाच ऐकायचे. जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, अर्धपोटी माणसाकडून कोर्स आउटकमचे रंगीत तक्ते भरून घ्यायचे, त्यात ‘विश्लेषणात्मक विचारक्षमता: साध्य’ अशी खूण करवून घ्यायची, आणि वर सभागृहात पंखे लावून गुणवत्तेवर व्याख्यान ठेवायचे! फाइल उतरवणारा पोरगा निदान लपून उतरवतो. हे तक्ते उघड्यावर उतरवले जातात, दर वर्षी, फक्त साल बदलून; कधी कधी तेही राहते.

भारतीय ज्ञान प्रणालीच्या, याही दोन क्रेडिटांच्या, पेपरात तोच विद्यार्थी शिकतो की भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला होता. म्हणजे डेरिव्हेटिव्हचे बीज इथलेच. या प्रश्नाला चार पर्याय असतात आणि विद्यार्थी बरोबर खूण करतो. डेरिव्हेटिव्ह काढता येण्याची तिथे अट नाही.

परीक्षेची तयारी शिरूरकर रांजणगावच्या महागणपतीला जाऊन करतात. दौंडकरांना भीमेपलीकडचे सिद्धटेक सोयीचे. त्यानंतर मागच्या पाच वर्षांचे पेपर पाहतात आणि रोलचे प्रमेय पाठ करतात, कारण ते येतेच. फलन बंद अंतरालात सलग असेल, आतल्या प्रत्येक बिंदूवर डेरिव्हेटिव्ह असेल आणि दोन्ही टोकांना किंमत सारखी असेल, तर मध्ये कुठेतरी डेरिव्हेटिव्ह शून्य होते. मिशेल रोलने हे 1691 मध्ये बहुपदींपुरते सिद्ध केले. पुढे पॅरिसमध्ये त्याने कॅल्क्युलसवरच हल्ला चढवला, ही पद्धत चुकांवर उभी आहे असे त्याचे म्हणणे होते. नंतर त्याला माघार घ्यावी लागली. विद्यार्थ्याला ही हकीकत सांगत नाहीत. माघार घ्यायची सोय असते हे त्याला कळू नये, असा हेतू असावा. प्रमेय विद्यार्थ्यालाच लावून पाहण्याचा मोह होतो: प्रवेशाच्या दिवशीचे ज्ञान आणि निकालाच्या दिवशीचे ज्ञान सारखे आहे, म्हणजे मध्ये कुठेतरी शिकण्याचा दर शून्य झाला असला पाहिजे. पण पहिली अट सलगतेची आहे, आणि गणेशोत्सव, युवक महोत्सव, निवडणुकीच्या ड्युट्या आणि वीज गेलेले दिवस वजा जाता सलग असे काही उरत नाही. त्यामुळे प्रमेय लागू होत नाही. शून्य मात्र येते.

उत्तरपत्रिका केंद्रावर जातात. तिथे तपासनीसाला प्रतीमागे मानधन आहे, त्यामुळे पानांपेक्षा प्रतींकडे लक्ष असणे स्वाभाविक. रोलचे प्रमेय ‘सिद्ध झाले’ या शब्दांनी संपले असेल तर मधल्या ओळी सहसा वाचल्या जात नाहीत. चाणाक्ष विद्यार्थी म्हणून सिद्धता शेवटच्या ओळीपासून लिहायला घेतो.

पुढे गुणांचे ग्रेडमध्ये रूपांतर होते. मापन दहा अंकी आहे: ओ म्हणजे 10, ए प्लस म्हणजे 9, बी प्लस म्हणजे 7, पी म्हणजे 4, एफ म्हणजे शून्य. बहुसंख्यांना यांपैकी काही मिळत नाही. 35 पैकी जमतील तेवढे आणि त्यात कायमचे 13 मिळवून त्यांच्या गुणपत्रिकेवर जे अक्षर उमटते ते ‘सी’. झेरॉक्सच्या काचेवर गळालेला स्थिरांक असा, एका सत्राच्या उशिराने, घरपोच मिळतो. त्याची किंमत 5 धरतात.

ज्यांना तोही मिळत नाही त्यांच्यासाठी क्रम ठरलेला आहे. आधी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीसाठी अर्ज आणि फी, मग पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज आणि फी. फोटोकॉपी येते, तिची शेवटची पाने तिरकी असतात आणि कडेचे गुण दिसत नाहीत. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागायच्या आत बॅकलॉगचा फॉर्म भरण्याची मुदत संपत येते, म्हणून विद्यार्थी तोही भरतो, लेट फीसह. एप्रिलमध्ये तो पेपर देतो. मे महिन्यात कळते की तो डिसेंबरमध्येच पास होता. एकाच विषयात दोनदा उत्तीर्ण झाल्याबद्दल वेगळी ग्रेड नाही, आणि दुसऱ्यांदा भरलेली फी परत मिळाल्याचे या दोन तालुक्यांत कोणाच्या ऐकिवात नाही.