वर्षभराचा जर्मन

अहमदपूरच्या बसस्थानकावर लातूरची गाडी लागली की सगळे एकदमच दाराशी भिडतात. कुणी खिडकीतून रुमाल टाकतं, कुणी पिशवी, कुणी सरळ लेकरूच आत सोडतं. एकटाच एक जण पाठीवर सॅक आणि हातात स्टीलची बाटली घेऊन, आतले आधी उतरू देत म्हणून बाजूला उभा राहतो. गाडी भरते, निघूनही जाते, हा तिथंच. समजावं, की हा एक वर्ष एक्स्चेंजला जाऊन आलेला आहे.

शाळा अहमदपूरला, अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंग पुण्याला आणि तिथून दोन विद्यापीठांच्या करारावर वर्षभर जर्मनीला, असा याचा प्रवास. 1948 पर्यंत अहमदपूर निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळं आमच्या आजोबांच्या लेखी पुणं हाच परदेश. नातवाला त्याच्या पुढं जाणं भागच होतं.

जाण्याआधी याच्यापेक्षा याचे अण्णा जास्त जर्मनी शिकले. तिथल्या विद्यापीठाची फी नाही हे ऐकून ते खूश होते, तोवर खात्याचं निघालं. व्हिसासाठी बहुतेकांना एक बंदिस्त खातं उघडावं लागतं. सप्टेंबर 2024 पासून त्यात वर्षाचे 11,904 युरो भरून दाखवायचे, म्हणजे दहा लाखांच्या वर, आणि मग त्यातलेच 992 दर महिन्याला हातात मिळणार. अण्णांनी दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे पैसे आपलेच, अन् महिन्याला मागायचे त्येंला? सोयाबीनची पट्टी आडत्याकडं ठेवून उचल घेतल्यावाणीच झालं की हे!” त्या खात्याचं इतकं सोपं स्पष्टीकरण मला तरी दुसरीकडं मिळालं नाही.

खरी फजिती निकालाच्या वेळी झाली. ज्या जिल्ह्यानं राज्याला अभ्यासाचा ‘लातूर पॅटर्न’ दिला, तिथं एका मार्कासाठी घरात दोन दिवस चूल थंड राहू शकते. अशा घरात व्हिडिओ कॉलवर पोरगं आनंदानं सांगतं, “मामा, एक पॉइंट सात मिळाले!”

मामा सावध. “कितीपैकी रं?”

“कितीपैकी नसतं मामा. एक म्हणजे सगळ्यात भारी. चारपर्यंत पास, पाच म्हणजे नापास.”

मामा बराच वेळ गप्प. मागून आजीचा आवाज, “काय म्हनायलाय? किती पडले?” मामांनी फोनवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “दोन बी न्हाई पडले. पर खुशीत हाय लेकरू. थंडीनं झालं असंल.” पुढचे आठ दिवस चहाच्या हॉटेलात कुणी चौकशी केली की अण्णा विषय तुरीच्या भावावर नेत होते.

परत आल्यावर हा माणूस वेळेचा पक्का होतो. लग्नपत्रिकेवर 12.35 चा मुहूर्त असला की 12.30 ला अक्षता घेऊन हजर. तेव्हा मंडपात तो आणि बँडवाले. तिकडं सगळं कसं मिनिटावर चालतं, हे तो मग बँडवाल्यांना सांगतो. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत दहाचा तास रिवाजानंच सव्वादहाला सुरू होतो, हे मात्र सांगत नाही. तिथल्या रेल्वेचं कौतुक तर विचारू नका. 2024 मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या. पण अहमदपूरला रेल्वेच नाही, मग याला खोडून काढणार कोण?

तिकडं पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की 25 सेंट मिळतात. त्या सवयीनं यानं इथंही पलंगाखाली रिकाम्या बाटल्या साठवल्या. आईनं एका दुपारी त्या भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकल्या. याला समजलं तेव्हा तो भाव विचारून गप्प बसला.

पण हाच पोरगा तिकडं काय करत होता, तेही ऐकण्यासारखं आहे. वेळा अमावास्येला सगळा लातूर जिल्हा शेतात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, मडक्यात गार आंबील. हा तिकडं साडेचार तास मागं, बाहेर गोठलेलं, खोलीत एकटा. घरून नेलेलं ज्वारीचं पीठ शिजवून त्यात दुकानातलं ताक आणि ठेचलेला लसूण घालून यानं आंबील केली आणि मजल्यावरच्या पोरांना पेल्यातून वाटली. तुर्की मित्रानं दुसरा पेला मागितला. स्पॅनिश मित्रानं ‘फार वेगळं आहे’ असं म्हणून पेला खिडकीत ठेवला. तासभर हा त्यांना अहमदपूर समजावून सांगत होता: काळी जमीन, तूर, हरभरा, हुरडा. आणि पुढच्या वर्षी तीच अमावास्या, तीच खोप, समोर खरी आंबील. तेव्हा हा चुलत भावांना तिथल्या नाताळच्या बाजाराबद्दल सांगत होता. त्या बाजारात मसाले घालून गरम केलेली वाइन मिळते. अण्णा जवळ आले की तिचा द्राक्षरस होतो.

वर्षभरात हे ओसरतं. बाटली जाते, “तिकडं ना…” कमी होतं, बसच्या खिडकीतून रुमालही पडू लागतो. राहतात ती कागदपत्रं. वसतिगृहाच्या खोलीसाठी प्रवेशाचं पत्र येताच अर्ज टाकावा लागतो, व्हिसाच्या भेटीची तारीख लवकर मिळत नाही, ऑक्टोबरच्या सत्राची तयारी आदल्या हिवाळ्यातच सुरू करावी लागते, हे त्याला तोंडपाठ असतं. गावातली दोन-चार पोरं संध्याकाळी त्याच्या ओट्यावर फायली घेऊन बसलेली दिसतात, आणि तो एक पैसा न घेता त्यांचे अर्ज तपासतो.

तुमच्या घरातलं कुणी जायचं म्हणत असेल तर अशा जाऊन आलेल्याला जेवायला बोलवा. खात्याचं आणि खोलीचं आधी विचारून घ्या, तिकडच्या हवेचा विषय जेवणानंतर काढा. आणि सातची वेळ दिली असेल तर भाकरी सातला तव्यावर असू द्या. तो पाच मिनिटं आधीच दारात उभा असेल.